घरात कोण कोण होतं

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दुबईशेजारच्या अजमानमधल्या सविताच्या फ्लॅटमध्ये निम्मं महाराष्ट्र मंडळ लोटलं होतं. तिळगूळ घेऊन बायका पांगल्या, तेव्हा सविताने हात धुताना बेसिनवर काढून ठेवलेली सोन्याची पाटली जागेवर नव्हती. गोपीनाथने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, पोलिसांना बोलावलं. घरात कोण कोण होतं, असं त्यांनी विचारलं आणि सविताने बेधडक सांगून टाकलं की सगळी आपलीच माणसं, बाहेरची म्हणजे एक हलिमा.

हलिमा युगांडाची. सविताच्या फराळाच्या धंद्यात ती चकल्या तळायची, त्या दिवशी वाणाची ताटं भरायला आली होती. पोलिसांनी दुसऱ्या कोणाला काही विचारलंच नाही, तिला घेऊन गेले. चोरीचा शिक्का बसला की नोकरी, व्हिसा, सगळंच खलास. सविताला मात्र हळहळ होती ती पाटलीची. माणसाचं मन असं मोठं सोयीचं असतं.

सकाळी पर्णिकाने, तिच्या दहावीतल्या मुलीने, डबा भरता भरता विचारलं, "आई, आय वॉज देअर टू. माझं नाव का नाही सांगितलंस?"

बेसिनवर तर सगळ्याच जाऊन आल्या होत्या. तिने गॅस बंद केला आणि पर्स उचलली. गोपीनाथ तापला, मंडळात तोंड दाखवायला जागा उरणार नाही म्हणाला. ती म्हणाली, आत्ता तरी कुठे आहे?

पोलीस ठाण्यातल्या साहेबाला हिंदी येत होती.

"घर में बहुत लोग थे, साहब. मैंने एक ही नाम दिया."

का, असं त्याने विचारलं.

"वो काली है, इसलिए. और कोई वजह नहीं थी."

साहेबाने पेन उचललं. मग म्हणाला, लोक आम्हाला असंच एक नाव देतात आणि आम्हीही त्याच माणसाला उचलून आणतो. बाकीची नावं सांगा. सविताने सुरुवात स्वतःपासून केली, मग पर्णिका, मग नणंद विभावरी.

दुपारपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर तिचा यथेच्छ उद्धार झाला. विभावरी फोनवर वाट्टेल ते बोलली, पण जबाब द्यायला सगळ्यांत आधी तीच पोचली. तिच्यामागून बाकीच्याही आल्या, कपाळाला आठ्या घालून का होईना, आल्या. हलिमाने काही उचललेलं एकीनेही पाहिलं नव्हतं. संध्याकाळी तिला सोडलं.

तिला घरी सोडायला निघाल्यावर गाडीत सविताने माफी मागितली. हलिमा खिडकीबाहेर बघत राहिली. मग तिने विचारलं, "कंगन मिला, मॅडम?"

"नहीं मिला."

हलिमा तिच्याकडे वळली. "पिछले घर में भी मुझे ही पकड़ा था. घड़ी मिली, तब छोड़ा. आज कंगन मिला नहीं, फिर भी छोड़ा?"

सविताने हो म्हणून मान हलवली. हलिमा ओंजळीत तोंड लपवून ढसाढसा रडू लागली, आणि सविताने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.