माझ्याखालचा पाला

मित्रांनो, आम्ही जुने हिरडे आहोत.

नाही. पुन्हा सुरुवात करतो.

मी एक जुना हिरडा आहे. डिंभ्याच्या वर, घोड नदीच्या अंगाला जो डोंगर आहे, त्याच्या खांद्यावर मी उभा आहे. 'आम्ही' म्हणायची सवय सुटत नाही, एवढेच.

जन्म

तो कोणाला आठवतो? एक पिकलेले फळ पडले, कुजक्या पाल्यात रुतले, पावसाने त्याचे टणक बी मऊ केले आणि मी वर आलो. भोवती माझी आई होती, मावश्या होत्या, ऐन आणि जांभळी होत्या. खाली पाला इतका दाट, की भर उन्हाळ्यातही माझी मुळे गार राहत.

काम

माझी फळे औषधाला लागतात, कातडे कमावायला लागतात. पण माणसांना ती कोवळी हवी असतात. आत बी धरण्याआधी तोडून वाळवली, की ती काळी पडतात. तो बाळहिरडा. उन्हाळ्यात वाडीतल्या बाया तो झोडून नेत. जुन्नरचे इस्माईलभाई घोड्यावर गोण्या लादत आणि बजावत, "बाळहिरडाच आणा बरं. पिकल्याला कुणी इचारत न्हाई."

प्रत्येकीला वाटे, पलीकडच्या झाडावर कोणीतरी चार फळे पिकायला ठेवली असतील.

कोणी ठेवली नव्हती.

कौतुक

इस्माईलभाई माझ्या बुंध्यावर थाप मारून म्हणत, "असा हिरडा साऱ्या आंबेगावात न्हाई, राव." कौतुक एवढेच.

आणि मग

त्रेपन्न सालच्या सुमारास कोळशाचा ठेकेदार आला. इथला बराच भाग मी गाळतो. कुऱ्हाडी थांबल्या तेव्हा उतारावर भट्ट्या धुमसत होत्या आणि माझी माणसे कोळसा होऊन गोण्यांतून मंचरच्या रस्त्याला लागली होती. मी दरीवर कललेलो आहे. "त्यो तोडला तर खाली जाईल, हाती काय लागंल?" असे ठेकेदार म्हणाला, म्हणून मी राहिलो.

माझी मुले

(हा भाग रिकामा आहे.)

पुढच्या उन्हाळ्यात वाडीतली म्हातारी धोंडाबाई आली. सोबत तिची सून लंकाबाई. धोंडाबाईने उघड्या उताराकडे पाहिले आणि मला विचारले, "येकलाच ऱ्हायलास व्हय रं?"

लंकाबाई काठी घेऊन वर चढली, तशी धोंडाबाई ओरडली, "लंके, डोंगराकडची फांदी झोडू नगं!"

"का वं? तिला काय सोनं लागलंय?"

"पिकू दे. बी पडंल. ह्याच्यामागं ह्याचं कोण हाय का?"

लंकाबाई हसली. "मला आणली ती पुरंना व्हय, आत्याबाई? आता झाडालाबी सून बघताय?"

इस्माईलभाईंनीही ती फांदी पाहिली. "ही इसरली वाटतं, बाई."

"न्हाई भाई. ती डोंगराची हाय."

"मंग डोंगराला म्हनावं, ये जुन्नरच्या बाजाराला!" ते हसले, पण फांदीला त्यांनी हात लावला नाही.

मित्रांनो, तो पावसाळा मी त्या एका फांदीसाठी जगलो. वारा आला की बाकीच्या फांद्या पुढे करायचो. थंडीत फळे पिवळी झाली, एकेक करून खाली पडली. माघात मी पाने गाळली आणि त्यांच्यावर गोधडीसारखी पसरली. आता फक्त पावसाची वाट पाहायची होती.

फाल्गुनात धोंडाबाई खराटा आणि पाटी घेऊन एकटीच आली. भाताचे रोप टाकण्याआधी खाचरात पाला पसरून भाजतात. त्याला राब म्हणतात. पाला ती दरसाल माझ्याखालूनच नेई. हात सवयीने चालला. तिने बुंध्यापर्यंत झाडून काढले, मान वर करून रिकामी फांदी पाहिली, खूश झाली. "पडली रं समदी. आता उगवत्याल बघ."

आणि पाटी डोक्यावर घेऊन ती उतरली.

काही दिवसांनी खालच्या खाचरातून धूर वर आला. त्याचा वास माझ्या ओळखीचा होता.

पावसाळ्यात ती बऱ्याचदा आली. उकिडवी बसून बोटांनी माती उकरायची. एकदा तशीच बसली असता तिची नजर राब भाजलेल्या खालच्या खाचरावर गेली. तिचा मातीचा हात तोंडाशी गेला. मग बुंध्याला पाठ टेकून बसून राहिली.

या थंडीत धोंडाबाई गेली. फांदीचे लंकाबाईला ठाऊक आहे. सासूच्या शब्दाखातर तिने ती गेल्या उन्हाळ्यातही राखली होती. पाल्याचे तिला कोणी सांगितलेले नाही.

मित्रांनो, झाडे लावा, असे मी म्हणणार नाही. झाडाखाली पडलेले थोडे तसेच पडू द्या, एवढेच मागतो. फळे पुन्हा पडली आहेत, पानांखाली झाकली आहेत. फाल्गुन लागला आहे, आणि लंकाबाई खराटा घेऊन डोंगर चढते आहे.

मला हाक मारता येत नाही. तुम्हाला येते.