खामोश जागा

शेषेराव वकिलांनी तबकातल्या तीन सुपाऱ्या उचलल्या आणि गादीच्या कडेला एका ओळीत मांडल्या.

"ही गादीची कड म्हणजे समुद्र समजा, अप्पा," ते म्हणाले. "हे पहिलं मोठं हॉटेल. रोज संध्याकाळी बाजा वाजतो, गोरे सोल्जर नाचतात. ते आपल्या कामाचं नाही. हे दुसरं, गुजराती शेटचं. जेवण चोख, पण लातूर-बार्शीचे सगळे अडते मुंबईला गेले की तिथंच उतरतात."

"मग ते बादच," मन्मथप्पा घाईनं म्हणाले. "आपल्याकडचं कुत्रंबी दिसाया नको."

"मग हे तिसरं. एकदम खामोश जागा. जुहूच्या पार टोकाला, माडांच्या आत. पलंगावर चहा, रोज धुतलेली चादर, घंटी वाजवली की पगडीवाला हजर. कोण आलं, कोण गेलं, कुणी विचारत नाही."

"हेच ठरलं," म्हणून मन्मथप्पांनी ती सुपारी उचलून मुठीत धरली.

आतल्या दाराशी चहा घेऊन आलेली मन्मथप्पांची बायको गौरम्मा तिथंच थबकली. कोण आलं, कोण गेलं, कुणी विचारत नाही! आता अशी जागा भल्या माणसाला लागावी कशाला?

मन्मथप्पा म्हणजे लातूरच्या गंजातले, धान्यबाजारातले, भुईमुगाचे अडते. लग्नाला बारा वर्षं झाली, पण या गृहस्थानं बायकोला कधी फिरायला म्हणून वेशीबाहेर नेलं नव्हतं. माहेरी निलंग्याला जायचं तरी भाऊ बैलगाडी घेऊन यायचा. आणि आता एकदम समुद्र! लढाईमुळं साखर मिळेना, घासलेट मिळेना, आणि या माणसाला बायकोला घेऊन हॉटेलात राहायची लहर आली होती.

"हवापालट करून येऊ," असं ते पहिल्यांदा म्हणाले तेव्हाच ती चपापली होती.

"हवापालट खोकल्याच्या माणसाला सांगतेत," ती म्हणाली होती. "मला काय झालंय?"

त्यावर ते नुसतेच हसले होते. हसणं कसलं, दात दाखवून वेळ मारून नेली होती.

पण तिला खरं टोचत होतं ते सासूचं वागणं. पार्वतम्मा, म्हणजे घरात सगळ्यांची अव्वा, ही सुनेला नागपंचमीला माहेरी धाडताना चार दिवस तोंड फुगवून बसणारी बाई. हॉटेल म्हटल्यावर तिनं आकांत मांडायला हवा होता. लातुरात हॉटेल म्हणजे चहा-भज्यांचं दुकान, आणि चांगल्या घरची बाई त्याच्या पायरीवरसुद्धा उभी राहत नसे. अव्वा एवढंच म्हणाली, "हाटेलात निजतेत व्हय गं? निजत असतील बाई." आणि लागलीच सुनेसाठी धपाट्यांचं पीठ काढायला बसली. वर गुणगुणत होती!

गौरम्माला श्रीमंतप्पांची पहिली बायको आठवली. गल्लीतलीच. मूलबाळ नाही म्हणून नवस बोलायला तिला भावाबरोबर श्रीशैलला धाडलं. बिचारी प्रसाद घेऊन परत आली, तर स्वयंपाकघरात दुसरीच बाई हिरवा चुडा भरून कणिक मळत होती. आताशा ती मागच्या खोलीत राहते आणि सवतीची पोरं सांभाळते. आणि इथं गौरम्मालाही मूल नव्हतं, आणि गेल्याच महिन्यात उदगीरची कुणी मंडळी अव्वाशी तासभर कुजबुजून गेली होती. जाताना त्यांनी गौरम्माला नमस्कार केला नाही. नुसतं वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

दुपारी मन्मथप्पा जेवायला बसले. अव्वा परसात शेंगा फोडत होती. गौरम्मानं भाकरी वाढली आणि ती समोरच बसली.

"मी येत न्हाई," ती म्हणाली.

त्यांचा घास हातातच राहिला. "का?"

"मी तिकडं लाटा बघत बसंन, आन् हितं उदगीरची पोरगी माप ओलांडंल. मला काय खुळी समजलाव व्हय?"

"तुला कोण सांगितलं?"

खोटं हाय, असं ते म्हणाले नाहीत. कोण सांगितलं, असं म्हणाले.

"गळ्यातल्या लिंगाला हात लावा," ती म्हणाली, "आन् मग सांगा काय सांगायचंय ते."

अडतीत मन्मथप्पा चार गोष्टी इकडच्या तिकडं करीत, सगळेच करतात. पण लिंगाला हात लावून खोटं बोलणं त्यांच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं. मग अर्धी भाकरी तशीच ठेवून त्यांनी ताटात हात धुतला, पुसला, आणि सदऱ्याच्या आतल्या, लिंगाच्या चांदीच्या डबीवर ठेवला.

"तिथं एक डाक्टर हाय," ते अगदी हळू बोलले. "पुरुषाला तपासतो."

"पुरुषाला कशाला?"

"लेकरू का होईना म्हनून. दर बारीला बाईचंच असतंय असं न्हाई म्हनं. शेषेरावानं सांगितलं. मला दाखवायचंय, गौरा. म्हनून वळखीचं कुणी नको तिथं."

बारा वर्षं गौरम्मानं सोमवार धरले होते. ओल्या लुगड्यानं सिद्धेश्वराला प्रदक्षिणा घातल्या होत्या, दर्ग्यातलं पाणी प्यायली होती, कुणी काय सांगेल ते दंडाला बांधून घेतलं होतं. या माणसाच्या मनगटाला कुणी साधा दोरा बांधला नव्हता. आणि आज तो आपणहून म्हणत होता की मला दाखवायचंय. तिला रडू फुटलं. जीव ओवाळून टाकावा असा नवरा आहे आपला, असंही वाटून गेलं.

पण संशय एकदा घरात शिरला की दार दाखवल्यानं जात नाही.

"मग अव्वा कशानं एवढ्या खूश हायेत?" तिनं डोळे पुसत विचारलं.

मन्मथप्पांचा हात डबीवरून खाली घसरला.

"हात काढू नका," ती म्हणाली.

"तिला मी येगळं सांगितलंय," ते म्हणाले. हात पुन्हा वर गेला होता. "तुला दाखवायला नेतो म्हनून. डाक्टर न्हाई म्हनला, तर उदगीरचं बघ म्हनलो. त्याबिगर ती जाऊ देत नव्हती गं!"

"आन् डाक्टरनं तुमच्यातच खोट काढली, तर? अव्वाला सांगचाल?"

मन्मथप्पांनी परसाकडं पाहिलं. शेंगा फुटण्याचा आवाज येत होता.

"बघू," ते म्हणाले.

बघू! हा शब्द गौरम्मा चांगला ओळखून होती. ज्या शेतकऱ्याला भाव द्यायचा नसे, त्याला ते असंच 'बघू' म्हणत. तो बिचारा आशेनं संध्याकाळपर्यंत गंजात बसून राही. या शब्दाला ना खरं म्हणता येत होतं ना खोटं, आणि म्हणून लिंगावर हात ठेवूनही तो सुखानं बोलता येत होता.

तिचं रडू थांबलं. ती उठली, पदर सारखा केला आणि परसाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"अव्वा, तुमचं इरकल लुगडं काढून ठिवा बरं. समुद्राला तुमीबी चलायचं."

"मी?" पार्वतम्मा दचकली. "मी कशाला गं त्या हाटेलात?"

"डाक्टरकडं जायचंय न्हवं? डाक्टर काय म्हनतो ते घरच्या थोर मानसानं आपल्या कानानं ऐकलेलं बरं. उगं मागनं ह्येनं असं म्हनलं, त्येनं तसं म्हनलं, नको."

अव्वानं शेंगांचं सूप बाजूला सारलं. तिच्या तोंडावर कसला तरी लहानपणचा आनंद पसरला होता.

"खरंच नेतूस व्हय रं मन्मथा?" ती आतल्या अंगाला मान करून म्हणाली. "म्या कदी समुद्र पाह्यला न्हाई बाबा!"

मन्मथप्पांनी एक 'नको' म्हणायचा अवकाश होता. तेवढ्यानं सगळं मिटलं असतं आणि अव्वा पुन्हा शेंगा फोडायला लागली असती. गौरम्मा चौकट धरून उभी होती. मागं वळून बघायचं तिच्यानं होईना.

आत ताट सरकल्याचा आवाज आला. मग खुंटीवरचा रुमाल काढून झटकल्याचा. मन्मथप्पा तो डोक्याला गुंडाळत दाराशी आले आणि दोघींपैकी कुणाकडंच न बघता पायताण घालू लागले.

"जेवण टाकून कुठं चाललास?" अव्वानं विचारलं.

"शेषेरावाकडं," ते म्हणाले. "तिघं येनार म्हनून सांगाया पायजे."