सोबतीची बाई

त्या रविवारी भिंगारच्या घरात शेंगोळ्यांचा बेत होता. सुमनबाई परातीपुढं बसून हुलग्याच्या पिठाच्या वळ्या वळत होती आणि तिची मुलगी मुक्ता दाराशी पुस्तक घेऊन बसली होती. मुक्ता शेवगावच्या हायस्कुलात मराठी शिकवायची. शनिवारच्या एस.टी.नं यायचं, आईच्या हातचं खायचं आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत जायचं, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम.

"तिसऱ्यांदा तेच पान वाचतीयास," सुमनबाई मान वर न करता म्हणाली. "पाठ करून परीक्षा द्यायचीय का?"

"तू मोजत बसतेस का?"

"हात गुतल्यात, डोळं मोकळं हायेत."

तेवढ्यात मागचं दार वाजलं. ते दार मागच्या बोळात उघडायचं आणि ओळखीची माणसं तिकडून येत नसत. सुमनबाई पिठाच्या हातानंच उठली. दारात एक तरुण मुलगी उभी होती. ऊन मी म्हणत असताना तिनं अंगाभोवती जाड शाल लपेटली होती. शालीखालून पांढरा गणवेश दिसत होता. सुमनबाईनं तिला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं आणि आतून कडी घातली.

मुक्ताला आधी रडणं ऐकू आलं, मग आईचा बारीक आवाज, आणि मग काहीच नाही. थोड्या वेळानं कडी निघाली.

"मुक्ते, दुकानातून लसूण आन."

"लसूण टोपलीभर आहे."

"मग गूळ आन."

"शेंगोळ्यात गूळ?"

"तुला घातल्यावर गोड बोलशील. जा म्हनते ना!"

मुक्ता गूळ घेऊन परतली तेव्हा मुलगी निघून गेली होती. मोरीत घमेल्यात लालसर पाणी होतं, बाजूला कापसाचे बोळे. सुमनबाईनं घाईघाईनं घमेलं पालथं केलं.

"कोण होती?"

"इस्पितळातली सिस्टर हाय. पोटात दुखत हुतं तिच्या."

"इस्पितळात राहणाऱ्या सिस्टरनं पोटदुखीला तुझ्याकडं यायचं?"

"तू मास्तरीन हायेस गं बाई, फौजदार न्हाईस. ताट घे."

मुक्तानं ताट घेतलं. पण घास घशाखाली उतरताना एक शंकाही सोबत उतरत होती, आणि ती आजची नव्हती.

मुक्ताचे वडील रंभाजी पलटणीत होते, ते महायुद्धात ब्रह्मदेशातच राहिले. तेव्हापासून सुमनबाईनं लष्करी दवाखान्यांत आयाची नोकरी केली आणि मुलीला शिकवलं. निवृत्त होऊन घरी बसली, तोच गेल्या डिसेंबरात युद्ध पेटलं. जखमी जवानांसाठी गावाबाहेरच्या बराकींत तात्पुरतं इस्पितळ उघडलं, तेव्हा जुन्या आयांना मदतीला बोलावलं गेलं. आयांचं ते काम फेब्रुवारीत संपलं, इस्पितळ मात्र चालू राहिलं. तरीही सुमनबाई लोकरीची पिशवी घेऊन दर संध्याकाळी तिकडं जात राहिली. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणायची, "सोबतीला." कुणाच्या सोबतीला, ते सांगायची नाही. त्या शनिवारी तर ती पहाटे घरी परतली होती. तिच्या मागोमाग नर्स घरी यायला लागल्या, मागच्या दारानं.

शेजारच्या मालनबाईनं एकदा भिंतीवरून हसत हसत टाकलं होतं, "तुझ्या आयकडं लई नर्सा येत्यात गं. औषध-उतारा देतीया वाटतं!" वर्तमानपत्रांत तेव्हा गर्भपाताच्या नव्या कायद्याविषयी छापून येत होतं. कायदा झाला होता, लागू व्हायचा होता, आणि तोवर असं काही करणाऱ्या बाईला तुरुंग होता. मुक्ता वाचणारी बाई. तिनं दोन आणि दोन चार केले आणि गप्प राहिली.

सोमवारी पहाटे सुमनबाई दारापर्यंत आली. "गूळ तसाच राह्यला बघ," म्हणाली. मुक्ता नुसती "येते" म्हणाली.

दुपारी शाळेत निरोप आला. नळावर हंडा भरता भरता सुमनबाई खाली बसली होती, ती पुन्हा उठली नव्हती.

*

मुक्तानं रजा काढली. येणारी माणसं येत होती, बसत होती, जात होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, याची मालनबाईनं चारचौघीत नोंद घेतली. "शिकल्याली मानसं आतल्या आत रडत्यात म्हनं," असंही ती म्हणाली.

एका दुपारी काकासाहेब आले. इस्पितळात कारकुनी करणारे, सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार. सुमनबाईला ते पूर्वीपासून ओळखत. त्यांनी चहा घेतला, सुस्कारा टाकला आणि कप खाली ठेवता ठेवता खोलीभर नजर फिरवली.

"तुमच्या आईकडं एखादा गणवेश राहिलाय का हो? सिस्टर लोकांचा? शिवायला बिवायला दिलेला?"

"मला माहीत नाही."

"न्हाई, सरकारी कापड असतंय. परत करावं लागतंय."

"एका गणवेशासाठी तुम्हाला पाठवलं?"

काकासाहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. "इस्पितळाच्या मेजरसाहेबांनी स्वतः सांगितलं. बघा, सापडला तर माझ्याच हातात द्या. दुसऱ्या कुनाच्या नको. तुमच्या आईच्या नावाला उगाच बट्टा नको, म्हनून सांगतो."

"इथं काही नाही," मुक्ता म्हणाली.

ते गेले आणि तिनं दोन्ही दारं लावली. आईच्या नावाला बट्टा. म्हणजे त्यांना माहीत होतं. तिनं फळ्या पाहिल्या, कोठ्या पाहिल्या, शेवटी वडिलांची पलटणीची पेटी उघडली. तळाशी, जुन्या घोंगडीत गुंडाळलेला गणवेश होता. खांद्याची पट्टी उपटलेली, समोरची बटणं गेलेली, कापड काखेपासून खाली टरकलेलं. बाहीवर आणि खाली, गुडघ्याच्या वर, रक्ताचे वाळून काळपट झालेले डाग.

बटणं आणि फाटकं कापड मुक्ताला दिसलं. पण तिनं वाचलं ते फक्त रक्त.

त्या दिवशीचं लालसर पाणी, कडी, पोटदुखी, सगळं जागच्या जागी बसलं. पोलीस येतील. मेलेल्या बाईला ते काही करणार नाहीत, पण भिंगारभर होईल. गणवेश जाळावा, असं तिच्या मनात आलं. पण कपडा सरकारी. पुढंमागं हिशेब मागितला तर? मग तिनं तेच केलं, जे तिच्या आईनं जन्मभर केलं होतं आणि तिला शिकवलं होतं. गणवेश मिठाच्या थंड पाण्यात भिजत घातला, कारण गरम पाण्यानं रक्त कापडात बसतं. साबण लावला, डाग चोळले, पुन्हा भिजवला. खळ दिली. सुकल्यावर फाटलेलं बारीक टाक्यांनी शिवलं, पट्टी जोडली, आईच्या डब्यातली बटणं लावली आणि कोळशाच्या इस्त्रीनं कडक घडी घातली. घडीवर हात फिरवताना तिला पहिल्यांदा हुंदका आला. आपण आईसाठी केलेलं हे शेवटचं काम, असं तिला वाटलं.

*

आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. मागच्या दारात ती मुलगी उभी होती. आज शाल नव्हती. एका पायानं किंचित लंगडत ती आत आली.

"मी चांगुणा कडू. लेफ्टनंट आहे, पण ते जाऊ द्या. कोल्हारची. बाईंनी माझा गणवेश ठेवला होता."

मुक्ता तिच्याकडं बघत राहिली. "त्यांच्याकडून आलीस? काकासाहेबांकडून?"

चांगुणाचा चेहरा उतरला. "ते इथं आले होते? दिला तुमी त्यांना?"

"नाही."

"मग बरं झालं," ती भिंतीला टेकून खाली बसली. "उद्या चौकशी आहे. तेवढाच पुरावा आहे माझ्याकडं. तो आणि बाई. बाई तर गेल्या."

"कसली चौकशी?"

"बाईंनी तुमाला सांगितलं न्हाई?"

"तुझ्या पोटात दुखत होतं, एवढंच सांगितलं."

चांगुणा हसल्यासारखी झाली. "मीच शपथ घातली होती, कुनाला सांगू नका म्हनून. लेकीलाबी न्हाई."

मग ती बोलली. मेजर डॉक्टर होता. रात्रपाळीला एकटी सिस्टर असली की ड्युटी-रूममध्ये यायचा. आधी विनोद, मग हात. तक्रार केली तर गोपनीय अहवाल खराब, बदली, आणि वर "हिनंच बोलावलं असेल" हे आहेच. "खांद्यावर तारे असून काय करता? सलाम ठोकनारा शिपाईसुद्धा दुसऱ्या दिवशी हसतोय." सगळ्यात आधी सुमनबाईच्या ते ध्यानात आलं. कुणी न सांगता ती लोकर घेऊन ड्युटी-रूमच्या दाराशी स्टूल टाकून बसायला लागली. मेजर आला की विचारायची, "साहेब, चहा सांगू का?" तो परत फिरायचा. ज्या पोरीची रात्रपाळी, तिच्या सोबतीला ती. ज्यांना झोप येत नव्हती, दार वाजलं तरी ज्या दचकत, त्या दिवसा मागच्या दारानं हिच्या घरी येऊन निजायच्या.

"मग त्यानं बाईंना फाटकातून आत सोडू नका म्हनून हुकूम काढला. त्याच रात्री तो आला." तिनं गुडघ्याच्या वर हात ठेवला. "मी झटापट केली. सलाइनची बाटली फुटली, काच गुडघ्याच्या वर घुसली. बाई फाटकाबाहेरच बसून होत्या, घरी गेल्या न्हवत्या. माझा आवाज ऐकून चौकीदाराला ढकलून आत आल्या. त्यांनी त्याला दारातनं बाहेर पडताना बघितलं. बाईंनी बांधलेली जखम दिवसा पुन्हा उघडली, तशी मी इथं आले. बाईंनी कपडे बदलायला लावले. म्हनाल्या, हे धुऊ नको. जसंच्या तसं राहू दे. तेवढ्यावर मी तक्रार केली, तीत गणवेशाचंबी लिहिलं."

मुक्ता आत गेली आणि घडी आणून तिच्या मांडीवर ठेवली.

चांगुणानं आधी ओळखलंच नाही. मग तिनं पट्टीवरचे टाके पाहिले.

"हे काय केलंत?"

"कुनी सांगितलं होतं तुमाला? इस्त्री! इस्त्रीसुद्धा केलीत!" ती ओरडली आणि मग दोन्ही हातांनी तोंड दाबून रडली. "मी उद्या जानारच न्हाई. एकटी बाई तीन साहेबांपुढं काय सांगनार? बाईंनी सोबतीला यायचं कबूल केलं होतं."

"मी येते," मुक्ता म्हणाली.

"तुमी काय बघितलंय?"

"तू शाल घेऊन आलीस ते. घमेलं. आणि हा गणवेश, धुण्याच्या आधी."

चांगुणानं तिच्याकडं संशयानं पाहिलं. तो संशय मुक्ताला रास्त वाटला.

*

बराकीतल्या लांब टेबलामागं तीन अधिकारी बसले होते. मधले कर्नल बऱ्हाणपूरकडचे, मराठी स्वच्छ बोलत. मेजर बाजूच्या खुर्चीवर पायावर पाय टाकून बसला होता. चांगुणानं सांगितलं, अडखळत, पण सगळं सांगितलं. मग काकासाहेबांना बोलावलं. त्यांनी शपथेवर सांगितलं की मुक्ताबाईंनी असा कुठलाच गणवेश घरात नसल्याचं आपल्याला तोंडावर सांगितलं होतं. ते मुक्ताच्या नजरेला नजर न देता बाहेर गेले.

मग मुक्ताची पाळी आली. गणवेश टेबलावर होता. तिनं तो उलटा केला आणि शिवलेल्या जागा दाखवल्या.

"शिवण उसवलेली नव्हती," ती म्हणाली. "कापड ओढून फाटलेलं होतं. पट्टी मुळापासून उपटलेली. रक्त बाहीला आणि इथं, गुडघ्याच्या वर."

मेजर किंचित हसला. "सर, धुतलेल्या कापडावर आता कोणीही काहीही वाचेल."

कर्नलनी त्याला हातानं थांबवलं आणि मुक्ताकडं वळले. "बाई, तुम्ही शिक्षिका आहात. फाटका, रक्तानं भरलेला गणवेश हाती लागतो. तुम्ही आधी नाही म्हणून सांगता, मग तो धुता, शिवता, इस्त्री करता. का? कोणी सांगितलं?"

उत्तर तिनं रात्रीच तयार ठेवलं होतं. आयाची मुलगी आहे, मळका कपडा बघवत नाही, सवय. त्यात आईचं नाव स्वच्छ राहत होतं. पण सवयीनं धुणारी बाई "इथं काही नाही" असं खोटं का बोलेल? हे कर्नलना कळत होतं, मेजरला कळत होतं. त्या एका खोट्यानं चांगुणाचंही सगळं खोटं ठरलं असतं. चांगुणा खुर्चीच्या कडेवर बसली होती आणि तिच्याकडं न बघता जमिनीकडं बघत होती.

"कोणी सांगितलं नाही," मुक्ता म्हणाली. "मी घाबरले."

"कशाला?"

तिचा आवाज इतका खाली गेला की लिहिणाऱ्या कारकुनानं लेखणी थांबवली.

"मोठ्यानं सांगा," कर्नल म्हणाले. "लिहून घ्यायचंय."

मुक्तानं टेबलाची कड धरली.

"मला वाटलं, माझी आई पोरींची पोटं पाडते," ती मोठ्यानं म्हणाली. "ती जिवंत असताना कितीतरी दिवस मला तसं वाटत होतं. तिच्या हातचं जेवताना वाटत होतं. तिला मी एका शब्दानं विचारलं नाही. ती गेली, तेव्हाही मला तिच्यावर संशयच होता. ते रक्त तिच्या अंगावर येऊ नये म्हणून मी धुतलं. ती दारात सोबतीला बसायची, आणि मला वाटत होतं, ती काहीतरी लपवतेय. लिहा. सुमनबाई रंभाजी, माझी आई. मी तिच्यावर संशय घेतला. ते रक्त खरं होतं."