स्टार्ट म्हणजे उडी

शुक्रवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी वीज गेली. अकरा वाजून दोन मिनिटांनी ती परत आली आणि अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका साबणाच्या कारखान्यातला सरकता पट्टा सुरू झाला. त्या क्षणी माझ्या हिरव्या बटणावर कोणाचाही हात नव्हता.

मित्रांनो, मी एक जुना स्टार्टर आहे. मोटार सुरू करणारी लोखंडी पेटी. उल्हासनगरच्या एका लहानशा गाळ्यात माझी जुळणी झाली. पोटात तांब्याच्या तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, बसवली, दारावर दोन बटणे : हिरवे ‘स्टार्ट’, लाल ‘स्टॉप’. बारा वर्षे मी बर्फाच्या कारखान्यात काढली. नंतर जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडून इथे आलो. स्वस्थ बसणे माझ्या नशिबी नाही. मोटार चालू असते तेव्हा मी गुणगुणत राहतो आणि बंद असते तेव्हा पुढच्या बोटाची वाट पाहतो.

माझ्या नावाविषयी दोन शब्द सांगतो. ‘स्टार्ट’ म्हणजे सुरुवात, हे तुम्ही शाळेत शिकता. पण तो अर्थ नंतरचा. त्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ उडी मारणे, उसळणे, दचकणे. गलबताची फळी खिळ्यातून सुटून उसळली, तरी खलाशी हाच शब्द वापरीत. मला मूळ अर्थ अधिक अचूक वाटतो. थांबलेली मोटार सुरू होताना नेहमीच्या सहापट वीज ओढते; ती हळूच चालू लागत नाही, उसळते.

म्हणूनच माझी रचना सावध आहे. वीज गेली की माझी गुंडाळी सुटते आणि वीज परत आली तरी हिरवे बटण दाबल्याशिवाय ती मोटारीची जोडणी पुन्हा धरत नाही. लाल बटण दाबले तरी ती सुटते, पण बोट उचलताच ते बटण आपोआप बाहेर येते. मग त्या शुक्रवारी मी उसळलो कसा?

वीज गेल्यावर पट्टा थांबला होता. कौसाबाई बुवापाड्याहून येणाऱ्या, ठेकेदाराकडच्या कामगार. रोलरला चिकटलेली पावडर काढायला त्या लाकडी खरवडणी घेऊन वाकल्या. अकरा वाजून दोन मिनिटांनी रोलरने खरवडणी ओढून घेतली. बाई मागे पडल्या. दोन बांगड्या फुटल्या, हात वाचला.

सुपरवायझर भूपेश धावत आला. घाबरला होता, म्हणून ओरडला.

“बाई, लाल बटण दाबलंच नाही ना तुम्ही? हात गेला असता तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं?”

“दाबलं व्हतं, भाऊ. आधी लाल, मंग हात. आठ वर्सं झाली, कंदी चुकले नाय.”

“मग काय भुतानं चालू केला? उद्यापासून येऊ नका. ठेकेदाराला मी सांगतो.”

“भुताला कामाला ठेवा मंग,” बाई म्हणाल्या. “त्याला हातच नसत्यात, तुटायची भीती नाय.” कोणी हसले नाही.

मित्रांनो, खरे काय ते मला ठाऊक होते, पण पेटीला वाचा नसते. माझी अस्वस्थता फक्त माझ्या गुणगुणण्यात होती.

तेवढ्यात देखभाल विभागाच्या इंजिनिअर माधवी आल्या. त्यांनी आधी मेन स्विच बंद केला आणि मगच प्रश्न विचारला.

“भूपेश, समजा बाईंनी लाल बटण दाबलं नाही. तरीही लाइट आल्यावर हा स्टार्टर आपोआप उठायला नको. बरोबर?”

“बरोबर, मॅडम.”

“मग बाईंचं बटण हे कारण असूच शकत नाही. कारण दुसरीकडे आहे.”

माझ्यावर खंडेनवमीचा वाळलेला झेंडूचा हार अजून लटकत होता. माधवींनी तो काढला. हिरव्या बटणाच्या कडेला विझलेल्या उदबत्तीच्या दोन काड्या खोचलेल्या होत्या. रोज इथे उदबत्ती लागते, म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. माधवींनी काड्या ओढल्या. आत अडकलेले बटण ‘टक्’ करून बाहेर आले.

“काड्या कुणी लावल्या?”

“मी,” हिरामणकाका म्हणाले. पट्ट्याचे सर्वांत जुने ऑपरेटर. “सकाळपासून दोनदा लाइट गेली. दर वेळी त्या टोकावरून इथवर यायचं? आणि मॅडम, लिवलंय ना यानंच!”

माझ्या माथ्यावर भूपेशच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी होती : ‘स्टार्टर कायम चालू ठेवावा.’

“काका, चालू म्हणजे दुरुस्त!” भूपेश कळवळला. “मागच्या महिन्यात कॉइल जळाली होती, म्हणून लिहिलं.”

“मग दुरुस्त लिवायचं! चालू म्हंजे चालू.”

“तुमी दोगं बी चालूच हाय,” कौसाबाई म्हणाल्या. या वेळी सगळे हसले. भूपेश सर्वांत शेवटी.

माधवी हसल्या, पण तेवढ्यावर थांबल्या नाहीत. सर्वांना पट्ट्यापासून दूर उभे करून त्यांनी काड्या पुन्हा खोचल्या आणि मेन स्विच चालू केला. पट्टा उसळला. स्विच बंद करून, काड्या काढून तेच केले. पट्टा स्थिर. दोन्ही प्रयोग तीन-तीनदा झाले आणि उत्तर बदलले नाही.

भूपेशने चिठ्ठी फाडली. “बाई, उद्या या. चुकलं माझं.”

“येते. पण आधी नवी खरवडणी द्या. आणि लांब दांड्याची.”

मित्रांनो, माझी पूजा करा किंवा करू नका. पण हार दुसऱ्या दिवशी उतरवा आणि माझी बटणे मोकळी ठेवा. दबलेल्या बटणाला हात आणि काडी यांतला फरक कळत नाही.

त्या दिवशी देखभालीच्या वहीत माधवींनी जे लिहिले, ते असे :

‘पट्टा आपोआप सुरू होण्याचे कारण : हिरवे बटण उदबत्तीच्या दोन काड्यांनी दाबून ठेवले होते. काड्या लावण्याचे कारण : ‘चालू’ या शब्दाचे दोन अर्थ. कौसाबाईंची चूक : नाही.’