पत्राचा दुसरा परिच्छेद

शिवयोगी मास्तरांनी पत्रावर पंजा पालथा ठेवला आणि दुसऱ्या हाताने जाडजूड शब्दकोश ओढला. खरे तर कोश उघडायची काही गरज नव्हती. सोलापुरात तीस वर्षे इंग्रजी शिकवलेल्या माणसाला पत्रातला तो अवघड शब्द पाठ होता. पण पंजाखाली पत्राचा दुसरा परिच्छेद होता, आणि तो वाचून दाखवायची त्यांची छाती होत नव्हती.

समोर मायाक्का बसली होती. मुंबईच्या जहाज कंपनीचे इंग्रजी पत्र घेऊन ती मंगळवेढ्याहून सकाळच्या एस्टीने आली होती. तिचा मुलगा बिरप्पा, मास्तरांचा जुना विद्यार्थी, त्र्याहत्तर साली जहाजाच्या भटारखान्यात लागला होता. अर्जाला शिफारस मास्तरांचीच होती.

"वाचा की मास्तर."

"जहाज सर्कमनॅव्हिगेट करायला निघालं, असं लिहिलंय. म्हणजे समुद्रातून सगळ्या पृथ्वीला वळसा घालायला."

"आन् म्होरं?"

"थांबा हो. शब्द लॅटिनमधला आहे. सर्कम म्हणजे भोवती. नॅव्हिस म्हणजे जहाज. आणि आगेरे म्हणजे हाकणं."

शब्दाची खापरपणजी शोधून काढली, तरी वादळात डेकवरून वाहून गेलेला बिरप्पा काही परत येणार नव्हता. हे मास्तरांना कळत होते. तरी ते पाने उलटत राहिले. त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

"हाकणं? मेंढरं हाकत्यात तसं?" मायाक्का खुदकन हसली.

"तसंच. गुरंढोरं हाकायलाही त्यांचा तोच शब्द."

"मग समजलं की! आमची मेंढरं बी दिवाळीला निगत्यात, मुलूखभर फिरून मिरगाला घरी येत्यात. जहाज आलं का माघारी?"

"आलं. गेल्या आठवड्यात मुंबईला लागलं." एवढे तरी खरे सांगता आले म्हणून मास्तरांनी श्वास सोडला.

मायाक्काचे हसू मात्र ओसरले. बिरप्पाचे आठवड्यात कार्डसुद्धा आले नव्हते.

"मेंढरं घरी आली, की आमी एकेक मोजून आत घेतो," ती म्हणाली. "तितं बी मोजत असतील की."

मास्तरांनी आणखी एक पान उलटले. तिने दोन्ही हातांनी त्यांचा पंजा उचलला आणि बाजूला ठेवला. मग त्या न वाचता येणाऱ्या अक्षरांवरून ती नजर फिरवत राहिली.

"ह्यात बिरप्पाचं नाव कुटं हाय? बोट ठेवा."

मास्तरांनी बोट ठेवले. तिने शेजारी आपले बोट टेकवले.

"आता हितनं वाचा."