टॉवेलांची खोली

“बाबा, आपलं परदेशातलं घर खरंच आहे, की नुसते फोटोच आहेत?”

हा प्रश्न मी जेवताना विचारला. बाबांचा घास हातात होता आणि आईचा तोंडात, त्यामुळे दोघांनाही लगेच ओरडता आलं नाही. तेवढ्यात मी पुढचंही उरकून घेतलं. “कारण माझ्या मैत्रिणींचं म्हणणं आहे की तुम्हाला कुणीतरी टोपी घातलीय.”

प्रश्न माझा नव्हता. तो भोंगा आणि चिमटीचा होता. भोंग्याला भोंगा का म्हणतात ते ती शाळेच्या फाटकातून आत येताना अख्ख्या गल्लीला कळतं. चिमटी दिसायला काडीएवढी, पण बोलते ते बरोबर मऊ जागी. मधल्या सुट्टीत मी आमच्या समुद्राजवळच्या घराबद्दल जरा जास्तच बोलले असेन. चिमटीने डबा बंद केला आणि शांतपणे विचारलं, “दोन दोन घरं आहेत, तर मग तू हॉलमध्ये का झोपतेस गं?”

त्यावरून पैज लागली. हे बाबांना तोंडावर विचारायचं, नाहीतर वर्षभर भोंग्याच्या शेजारी बसायचं. भोंगा म्हणाली, “म्हणजे मी शिक्षा आहे का?” आम्ही दोघी एकदम “हो” म्हणालो.

एरवी मी घाबरले असते. पण गेल्या महिन्यात मी वर्गात उभी राहून मुख्याध्यापकांना सांगितलं होतं की आमचा पंखा फिरत नाही, नुसता विचार करतो. आणि दुसऱ्या दिवशी नवा पंखा आला होता. तेव्हापासून माझी भीड पार चेपली आहे.

आता हॉलचं सांगते. आम्ही ते घर घेतलं तेव्हा मी सहावीत होते. आई-बाबा दोघेच सह्या करायला तिकडे जाऊन आले, मला मावशीकडे ठेवून. आल्यावर ठरलं की घर सुट्टीवर येणाऱ्या लोकांना भाड्याने द्यायचं. इथवर ठीक. पण आईचा ठाम समज असा, की तिकडे मिळणारा टॉवेल म्हणजे टॉवेलच्या नावाखाली हातरुमाल. त्यामुळे टॉवेल इथून. मग चादरी इथून, अभ्रे इथून, पडदे आईने स्वतः शिवलेले. तिचं शिवणकामाचं दुकान आहे, तेव्हा पडदे विकत घेणं तिला माहेरचा अपमान वाटतो. कुणीही विमानाने निघालं की आई त्याला निरोप द्यायला जाते आणि एक पिशवी देऊन येते. मामा तर आता आपण कुठे चाललोय ते आम्हाला सांगतच नाही.

हा सगळा माल जाईपर्यंत ठेवायचा कुठे? माझ्या खोलीत. “थोडे दिवस गं,” आई म्हणाली होती, “आणि हॉलमध्ये हवा चांगली येते.” ते थोडे दिवस सहावीत सुरू झाले. आता मी दहावीत आहे. माझ्या पलंगावर टॉवेल, टेबलावर छोट्या साबणांची खोकी, कपाटात दोन किटल्या. मी हॉलमधल्या दिवाणावर. बाबा सकाळी सहाला बातम्या लावतात, त्यामुळे जगात कुठे काय बुडालं ते मला दात घासायच्या आधी माहीत असतं.

तर, प्रश्न ऐकून बाबांनी घास ताटात ठेवला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे आणि कुठल्याही संकटात ते आधी काच पुसतात.

“टोपी?” बाबा म्हणाले. “मला? पुढच्या महिन्यात एका पाहुण्यांनी यायचं रद्द केलंय. आठवडा मोकळा आहे. चला! दाखवतोच.”

आईने घास गिळला आणि पहिलं वाक्य बोलली, “मग जाताना टॉवेलही नेता येतील.”

अशी आमची परदेशवारी निघाली. तीन मोठ्या बॅगांत टॉवेल आणि माझे कपडे शाळेच्या दप्तरात.

घर होतं. अगदी फोटोतल्यासारखंच. चढाच्या गल्लीत, निळ्या दाराचं, दुसऱ्या मजल्यावर. किल्लीवाल्या बाई दारातच उभ्या होत्या. पाहुण्यांना किल्ली देणं आणि ते गेल्यावर झाडलोट करणं ही त्यांची कामं. त्यांनी सवयीने आम्हाला घर दाखवायला सुरुवात केली. हा दिवा असा लागतो, हा नळ असा फिरवा. आणि बाबा, घराचे मालक, चपला हातात धरून मान डोलवत होते. शेवटी त्यांनी मोबाइलवर भाषांतर करून बाईंना विचारलं, “आम्ही बसलो तर चालेल का?”

“बाबा! घर आपलं आहे!”

“हो, पण एकदम कसं बसायचं?”

बसायचं कुठे हाही प्रश्नच होता. सोफ्याला हात लावला की आई म्हणे, “नको, पाहुण्यांचा आहे.” स्वयंपाकघरात भिंतीवर बाबांनी लिहिलेले नियम चिकटवले होते. ते वाचून बाबा स्वतःच दबक्या आवाजात बोलायला लागले. मी चहाला कप काढायला गेले तर कपाटात सोनेरी काठाचे सहा कप. मी ओळखलेच.

“आई, हे आपले कप!”

“आपलेच आहेत.”

“मी विचारत होते तर म्हणालीस फुटले! मग आपण घरी कान तुटलेल्या कपातून का पितो?”

“कारण हे पाहुण्यांसाठी आहेत.”

“आत्ता इथे पाहुणे कोण आहेत?”

आईने खरंच क्षणभर विचार केला. मग पिशवीतून कागदी कप काढले.

हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी घरभर फिरायला निघाले. एक मोठी झोपायची खोली, हॉल, न्हाणीघर. आणि बोळाच्या टोकाला एक बंद दार. त्यावर पाटी होती, ‘मालकांची खोली’. ही खोली मला ऐकून माहीत होती. पाहुणे अभिप्राय लिहितात, ते बाबा रोज रात्री मोठ्याने वाचतात, आणि दर चार-पाच जणांमागे एकजण लिहितोच : घर छान, पण त्या बंद खोलीत काय आहे? एका कुटुंबाच्या मुलांनी तर आत भूत आहे म्हणून दाराशी बिस्किटं ठेवली होती. बाबांनी त्यांना उत्तर पाठवलं होतं, “काळजी नसावी.” त्याने कुणाची काळजी गेली असेल असं मला वाटत नाही.

मला वाटायचं, आत बादल्या-झाडू असतील.

“आता दाखवायचं का?” बाबांनी आईला विचारलं.

“मी तर हिच्या वाढदिवसाला म्हणत होते.”

“आता आलोच आहोत तर...”

आईने पर्समधून बटणांची डबी काढली. डबीच्या तळाशी, बटणांखाली, एक किल्ली. माझ्याकडे बघून ती इतकी हसली की मी घाबरलेच. शिवलेला फ्रॉक पहिल्यांदा अंगावर चढवताना ती असं हसते. “डोळे मीट,” ती म्हणाली.

मी मिटले. कुलूप कुरकुरलं. बंद कपाटासारखा वास आला. “उघड!”

समोर समुद्र होता. खरंच, अख्खा. घरातली सगळ्यात मोठी खिडकी या खोलीत होती. तिच्याखाली जांभळी रजई घातलेला पलंग, पायांशी आणि डोक्याशी नक्षीच्या लाकडी फळ्या. बाजूला बुटकं टेबल, खुर्ची. भिंतीवर धावणारे घोडे. सहावीत मला घोड्यांचं वेड होतं. मी वहीच्या पाठीमागे फक्त घोडे काढायचे, आणि ते सगळे कुत्रे दिसायचे.

“तुझी खोली,” आई म्हणाली. “रजई मी शिवली. तू मावशीकडे होतीस ना, तेव्हाच लावून ठेवली सगळी. तुझी शाळा संपली की आपण इथे राहायला येणार, तर म्हटलं पहिली खोली तुझी. एकाही पाहुण्याला पाय ठेवू दिला नाही.”

“किल्लीवाल्या बाई तर म्हणाल्या, ही खोली दिलीत तर घर रिकामं राहणार नाही,” बाबा म्हणाले. “म्हटलं, छे!”

जिथे मी राहते तिथे मला खोली नाही, आणि जिथे मी कधी आले नाही तिथे समुद्रासकट एक खोली माझी वाट बघत बसलीय. चार इयत्ता! मी तिकडे बातम्या ऐकत उठतेय आणि हे घोडे इकडे एकटेच धावतायत.

“झोपून बघ ना,” आई म्हणाली.

मी पलंगावर आडवी झाले. डोकं उशीला लागलं. पाय पायथ्याच्या फळीवर चढले आणि पलीकडे हवेत गेले. पोटऱ्यांपासून खाली मी पलंगाबाहेर होते.

बाहेर समुद्र आवाज करत होता.

“तिरकी झोप,” बाबा म्हणाले.

तिरकी झाले. आता एक पाय बाहेर आणि डोकं भिंतीला.

“गुडघे दुमडून?”

“बाबा, मला झोपवताय की बॅगेत भरताय?”

आईने पर्समधून टेप काढली. ती टेपशिवाय कुठे जात नाही. तिने पलंग मोजला. मग मला मोजलं. मग पुन्हा पलंग मोजला, जणू दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय. “माप बरोबर होतं,” ती हळूच म्हणाली. “तुझ्या उंचीचं नीट माप घेऊन आले होते मी.”

“मग चुकलं कोण?”

“तू,” आई म्हणाली आणि हसली. पण हसता हसता तिचा चेहरा भलतीकडेच गेला. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. गिऱ्हाइकांच्या पोरींच्या फ्रॉकमध्ये आई नेहमी दुमडून जास्तीचं कापड ठेवते. “पोरी वाढतात हो,” असं सांगून आयांशी भांडते. आणि स्वतःच्या पोरीचा पलंग इंचाइंचाने बरोबर घेऊन आली.

बाबा चष्मा पुसत होते. दोन्ही काचा पुसून झाल्या तरी पुसत होते.

मी हवेतल्या पायांचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. चिमटीचं उत्तर लगेच आलं : “घर खरं आहे. पलंग खोटा आहे.” भोंग्याने नुसतं “हाहाहा” लिहिलं, पण ते मला ऐकू आलं.

त्या रात्री मी कुठे झोपले? हॉलमध्ये. सोफ्यावर जुनी चादर अंथरून. आईने पहिल्यांदाच “पाहुण्यांचा आहे” म्हटलं नाही. तेवढ्यावरून मला कळलं की तिला फार लागलंय.

सकाळी बाबांनी बातम्या लावल्या नाहीत, कारण टीव्ही कसा लावायचा ते किल्लीवाल्या बाईंनी सांगितलं नव्हतं. आई कागदी कप मांडत होती. मी उठले, ते कप बाजूला सारले आणि सोनेरी काठाचे तीन कप काढले. आईचा हात पुढे आला, मग मागे गेला. मी चहा ओतला.

“पलंग बदलता येईल,” बाबा म्हणाले. “इथेच कुठेतरी लांब पलंग मिळेल. टेबलही उंच घेऊ. खोली काही पळून जात नाही.”

“घोडे काढून टाकू,” आई म्हणाली. “आता काय आवडतं तुला?”

मला आता काय आवडतं ते तिला माहीत नव्हतं, कारण तिने बरेच दिवस विचारलंच नव्हतं. आणि मी सांगितलंही नव्हतं. हॉलमध्ये झोपणाऱ्या माणसाचं काही खासगी राहत नाही, पण त्याला कुणी काही विचारतही नाही.

“मी ठरवलंय,” मी म्हटलं.

“ठरवलंयस?” बाबांनी कप खाली ठेवला. “विचारतेयस की सांगतेयस?”

“सांगतेय. पलंग जरूर बदला. चांगला लांब घ्या. मग पाटी काढा आणि ती खोली भाड्याने द्या.”

“अगं, पण ती तुझी...” आई कप घेऊनच उभी राहिली.

“माझीच आहे, म्हणूनच देतेय ना. तुमची असती तर मी कशाला बोलले असते? आई, तिथे एखादी मुलगी सुट्टीत येईल, उठल्या उठल्या समुद्र बघेल. घोडे राहू देत, त्यांना तरी सोबत होईल. शाळा संपल्यावर कुठे राहायचं ते तेव्हा बघू. मला खोली आत्ता हवीय. मी आत्ता आहे.”

बाबा काहीतरी म्हणणार होते. त्यांचा हात चष्म्याकडे गेला. मी म्हटलं, “बाबा, काच स्वच्छ आहे.” त्यांनी हात खाली घेतला.

“रजई मी घरी नेणार,” मी आईला म्हटलं. “पायाकडे तुकडा जोडून दे. आणि या वेळी जास्तीचं कापड ठेव.”

आईने टेप काढली, माझ्या खांद्यापासून जमिनीपर्यंत सोडली, मग क्षणभर थांबून हातभर आणखी सोडली.

“किती वाढणार आहेस अजून?” ती नाक ओढत म्हणाली.

“सांगता येत नाही. घरी गेलो की त्याच दिवशी मी माझी खोली रिकामी करणार. खोकी, किटल्या, अभ्रे, सगळं बाहेर.”

“आणि टॉवेल?” आईने विचारलं. “इतके टॉवेल ठेवायचे कुठे?”

“हॉलमध्ये झोपतील,” मी म्हटलं. “हवा चांगली येते तिथे.”