माझ्या नावावर खपवलेला निकाल

मी एक जुना कायद्याचा ग्रंथ आहे. मित्रांनो, 'जुना' म्हणालो म्हणून लगेच कीव करू नका! जामखेडच्या कोर्टात, वकिलांच्या खोलीतल्या कपाटात मी आजही ताठ उभा असतो. मोठ्या न्यायालयांनी दिलेले निकाल माझ्यात छापलेले आहेत. छापखान्यात माझं पान न् पान वाचून, तपासून मगच मला शिवलं. एके काळी वकील माझ्यासाठी हमरीतुमरीवर यायचे. पुढे संगणक आले, मोबाईल आले आणि माझ्यावर चहाचे कप ठेवले जाऊ लागले. वाईट वाटायचं, का नाही वाटणार? पण माझा शब्द खोटा आहे, असं म्हणायची कुणाची टाप नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात मात्र माझ्याच नावावर खोटं खपवलं गेलं.

खर्ड्याकडच्या बायडाबाई आणि त्यांचा मुलगा बिभीषण दरसाल ऊसतोडीला जातात. त्या वर्षी परत येऊन बघतात तर काय, त्यांच्या रानातल्या वस्तीकडे जाणारी वाट शेजारच्या गोरक्षनाथानं काटेरी तार ठोकून अडवलेली! पेरणी तोंडावर आलेली आणि रानात औत न्यायला दुसरी वाट नाही. बिभीषणानं वकील गाठला नाही. मोबाईलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारलं, आणि तिनं कोर्टात द्यायचा झकास अर्ज झटक्यात लिहून दिला.

"सही कर आये, मोबाईल चुकत न्हाई," तो म्हणाला. माउलीनं विश्वासानं सही केली.

सुनावणीला गोरक्षनाथाच्या वकील विजयमालाबाई उठल्या. "अर्जात ज्या निकालाचा दाखला दिलाय, तो ग्रंथ मागवावा."

तो ग्रंथ म्हणजे मी! शिपायानं माझी धूळ झटकली, दोन्ही हातांनी उचललं, आणि कितीतरी वर्षांनी मी न्यायाधीशांसमोर गेलो. छाती फुगली होती माझी. साहेबांनी अर्जात दिलेलं नेमकं पान उघडलं. तिथं निघाला पिठाच्या गिरणीच्या भाड्याचा तंटा. वाटेचं नावही नाही! त्यांनी अनुक्रमणिका पाहिली, मागची-पुढची पानं चाळली. पण नसलेला निकाल मी कुठून देणार?

"मोबाईलची चूक झाली, साहेब," बिभीषण पुटपुटला.

"अर्जाखाली सही कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी हाय, साहेब," बायडाबाई उठून म्हणाल्या.

मोबाईल बिभीषणाच्या खिशात गप्प बसला होता. मला फार भरून आलं. खरं तेच सांगितलं होतं मी, पण त्या खऱ्यापायी बाईंचा अर्जच फेटाळला जायची वेळ आली होती.

साहेबांनी त्यांना विचारलं, "या वाटेनं तुमची वहिवाट होती, हे कशावरून?"

"पुस्तकातलं मला काय ठावं न्हाई. पन तोडीला निघताना टोळीचा ट्रॅक्टर दरसाल ह्याच वाटनं आमच्या दारात येतो. आन् आमचा संसार ट्रॉलीत चढवायला ह्यो गोरक्षनाथच हात लावतो. इचारा त्याला!"

गोरक्षनाथानं मान खाली घातली. "लावतो, साहेब," एवढंच तो बोलला.

साहेबांनी खोटा दाखला अर्जातून काढायला लावला, बिभीषणाला चांगलं खडसावलं आणि निकाल लागेपर्यंत तार काढून ठेवायचा हुकूम दिला. मग म्हणाले, "तुझ्या आईला मोफत वकील मिळतो. मोबाईलनं हे नाही का सांगितलं?"

"म्या इचारलंच न्हाई, साहेब."

पेरणी वेळेवर झाली, हे मला नंतर वकिलांच्या बोलण्यातून कळलं.

मित्रांनो, मोबाईलला खुशाल विचारा, माझं त्याच्याशी वैर नाही. पण विचारलं की तो काहीतरी सांगतोच. माझ्यात नसलेलं मी कुणालाही सांगत नाही, आणि याचा मला गर्व आहे. त्यानं माझं नाव घेतलं, तर कपाटापर्यंत या, मला उघडा, त्या पानावर बोट ठेवून वाचा. मगच आईपुढे कागद सरकवा. कोर्टात उभं राहून जाब तिलाच द्यावा लागतो.